मूर्तीतील करुणा आणि माणसाचे हात
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'बौद्ध मूर्ती आणि करुणा'. आम्ही काही पंडित नव्हे. साच्यावर उभं राहून आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे पदरात पडलं, तेवढंच आमचं शिक्षण. पण हा विषय आजच का निघाला, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता बोलतो.

गेल्या वर्षी आपल्या विहारातले काही उपासक-उपासिका लुंबिनी आणि काठमांडूला जाऊन आले. परत येताना त्यांनी वर्गणी काढून पाटण गावातून एक वीतभर उंचीची, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आणली. तारा बोधिसत्त्वाची मूर्ती. श्रद्धेने त्यांनी ती विहाराला दान दिली आणि ती बुद्धरूपाच्या शेजारी ठेवली गेली. महिन्याभरात तिच्यापुढे नारळ आला. मग हिरव्या बांगड्या आल्या. कुणी ओटी भरली, कुणी मुलाच्या नोकरीसाठी नवस बोललं. तरुण मंडळींनी हरकत घेतली की, बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या विहारात ही देवी कशाला? शब्दाने शब्द वाढला. आज ती मूर्ती समितीच्या कपाटात फडक्यात गुंडाळून पडलेली आहे. ज्यांनी दान दिलं ते दुखावले आहेत, ज्यांनी हरकत घेतली ते विहारात यायचे कमी झाले आहेत. दोन्हीकडची माणसं आपलीच. या सभेनंतर समितीला निर्णय करायचा आहे. निर्णय भांडून होऊ नये, समजून व्हावा, म्हणून हे चार शब्द.

बांधवांनो, पहिला प्रश्न असा की धम्मात मूर्तीला जागा आहे का? इतिहास काय सांगतो ते पाहू. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतकं त्यांची मानवी रूपातली मूर्ती कुणी घडवलेली दिसत नाही. सांचीला जा, भारहुतची शिल्पं पाहा. तिथे बुद्ध दाखवायचा तर बोधिवृक्ष कोरलाय, धम्मचक्र कोरलंय, पावलांचे ठसे कोरलेत, रिकामं आसन कोरलंय. आपल्या भाजे आणि कार्ल्याच्या मूळ चैत्यगृहात वंदनेसाठी आहे तो स्तूप. म्हणजे मूर्तीवाचून धम्म चालला आणि चांगला चालला, ही गोष्ट तरुणांच्या बाजूची.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मथुरेला आणि गांधारात बुद्धमूर्ती घडू लागल्या. सारनाथला मथुरेच्या तांबड्या दगडाची एक भलीथोरली उभी मूर्ती आहे. कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षात बल नावाच्या भिक्खूने ती दान दिली, असं तिच्यावरच्या लेखात आहे. त्याच्या आदल्या वर्षी कौशांबीला बुद्धमित्रा नावाच्या भिक्खुणीने अशीच मूर्ती बसवली. ही बुद्धमित्रा त्रिपिटक जाणणारी होती, असं लेखात कोरलेलं आहे. भगिनींनो, हे नाव ध्यानात ठेवा. ज्या देशात पुढे बाईला आणि शूद्राला अक्षर ऐकायचीही बंदी झाली, त्या देशात त्रिपिटक जाणणारी बाई होती आणि तिने बसवलेली मूर्ती ही सर्वांत जुन्या मूर्तींपैकी एक आहे. ही गोष्ट मूर्ती आणणाऱ्यांच्या बाजूची.

आणि स्वतः बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांना मूर्तीचं वावडं नव्हतं. त्यांना वावडं होतं ते मूर्तीपुढे बुद्धी गहाण टाकण्याचं. या दोन गोष्टींतला फरक कळला की आपला निम्मा वाद मिटतो.

आता दुसरा प्रश्न. बुद्धाची मूर्ती मान्य, पण तारा कोण, अवलोकितेश्वर कोण? हे देव आहेत का?

बोधिसत्त्व म्हणजे बोधीच्या वाटेवर चालणारा. त्याने जग निर्माण केलेलं नाही. तो पाप-पुण्याचा हिशेब ठेवत नाही. तो नैवेद्य घेऊन नोकरी देत नाही. त्याने एक निश्चय केलेला असतो की, इतरांचं दुःख दूर केल्याशिवाय मी एकटा पलीकडे जाणार नाही. महायान परंपरेत या निश्चयाच्या एकेका अंगाला नाव आणि रूप दिलं गेलं. प्रज्ञेचं रूप मंजुश्री, त्याच्या हातात अज्ञान कापणारी तलवार आणि ग्रंथ. मैत्रीचं रूप मैत्रेय. करुणेचं रूप अवलोकितेश्वर आणि तारा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व बुद्ध कसा होतो हे सांगताना मुदिता, विमला यांपासून धर्ममेघापर्यंतच्या दहा अवस्था सविस्तर दिल्या आहेत. या अवस्था महायान ग्रंथांतल्या आहेत. म्हणजे 'ते महायान आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचं' असं म्हणून हात झटकता येत नाही. आणि आपण बाबासाहेबांना बोधिसत्त्व म्हणतो ते कोणत्या अर्थाने? त्यांच्या तसबिरीपुढे नारळ फोडला म्हणून पोराला नोकरी लागत नाही. त्यांनी शिकायला सांगितलं, राज्यघटनेत हक्क लिहून ठेवले, म्हणून पोरगं नोकरीपर्यंत पोचतं. हाच बोधिसत्त्वाचा खरा अर्थ.

अवलोकितेश्वर हे नाव घ्या. अवलोकित म्हणजे पाहिलेलं, खाली वळून पाहिलेलं. जुन्या काही पोथ्यांत हे नाव अवलोकितस्वर असं येतं, स्वर म्हणजे आवाज. चिनी लोकांनी त्याचं भाषांतर केलं ग्वानयिन, म्हणजे जगाचा आवाज, जगाची हाक ऐकणारा. तोच जपानात कान्नोन, तिबेटात चेनरेझिग. नेपाळात त्याला सरळ करुणामय म्हणतात आणि पाटणला दरवर्षी त्याचा उंच रथ लोक दोरखंडाने ओढतात. चीनमध्ये तर काळाच्या ओघात त्याचं रूप बाईचं झालं, कारण हाक मारल्याबरोबर धावून येणारं माणूस म्हटलं की लोकांना आई आठवली.

त्याच्या मूर्ती नीट पाहिल्या तर त्या शिकवण्यासाठी आहेत हे कळतं. कुठे त्याला हजार हात दाखवतात आणि प्रत्येक तळहातावर एक डोळा. याचा अर्थ काय? नुसतं पाहून हळहळणारा डोळा कामाचा नाही, आणि न पाहता चालणारा हातही कामाचा नाही. ज्या हाताने मदत करायची त्या हाताला दृष्टी पाहिजे. प्रज्ञा आणि करुणा यांची जोडी बाबासाहेब सांगत आले, ती इथे एका तळहातावर कोरलेली आहे.

आपली तारा घ्या. मूर्ती इथे असती तर दाखवली असती. ती बसलेली आहे, पण तिचा उजवा पाय खाली सोडलेला आहे, लहानशा कमळावर टेकवलेला. कशासाठी? उठायच्या तयारीसाठी. हाक आली की मांडी मोडण्यात वेळ जाऊ नये म्हणून. तिच्याबद्दल तिबेटी परंपरेत एक कथा आहे. एक राजकन्या होती, तिने मोठी साधना केली. भिक्षू तिला म्हणाले, पुढच्या जन्मी तू पुरुष व्हावंस म्हणजे तुझं काम पुरं होईल. ती म्हणाली, पुरुष काय नि बाई काय, हा भेद अज्ञानी लोकांचा आहे. पुरुषरूपात काम करणारे पुष्कळ आहेत, मी मात्र शेवटपर्यंत बाईच्याच रूपात लोकांचं काम करीन. कथा ही कथाच, तिला इतिहास म्हणू नका. पण अशी कथा ज्या मूर्तीमागे आहे, तिच्यापुढे बांगड्या आणि खण ठेवून आपण तिचा मान वाढवतो की कमी करतो, याचा विचार महिला मंडळाने करावा.

मंडळी, या मूर्ती परक्या देशातून आलेल्या आहेत असंही समजू नका. बोरिवलीच्या कान्हेरीला आपण सहली काढतो, पोरं पाण्याच्या टाक्या बघून परत येतात. तिथल्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात तारा आणि भृकुटी यांच्यासह अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान दृश्यं आहेत. नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलं, तेव्हा दगडी पेटीत आठ छोट्या धातूच्या मूर्ती मिळाल्या. सात पूर्वीचे बुद्ध आणि आठवा मैत्रेय. म्हणजे धातूच्या मूर्ती आपल्या या कोकणपट्टीतही पुजल्या जात होत्या. पाटणहून आलेली तारा लांबची पाहुणी नव्हे, फार दिवसांनी माहेरी आलेली आहे.

औरंगाबादच्या लेण्यांत ७ व्या क्रमांकाच्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार असे आठ प्रसंग. आग लागली आहे, तलवार घेऊन लुटारू आले आहेत, कुणी बेड्यांत अडकला आहे, जहाज बुडतंय, सिंह अंगावर आलाय, साप आलाय, हत्ती पिसाळलाय, आणि मृत्यू समोर उभा आहे. यांना आठ महाभयं म्हणतात. ही भयं कुणाची? राजाची नव्हेत. ही सोपारा-कल्याणच्या बंदरातून माल घेऊन घाट चढणाऱ्या, जंगलातून पैठणकडे जाणाऱ्या माणसांची भयं आहेत. वाटेवरच्या माणसाचं दुःख बघून कारागिराने ते दगडात उतरवलं. देवादिकांची लग्नं कोरण्याऐवजी त्याने माणसाचं भय कोरलं. आम्हाला या शिल्पाचं मोठेपण यात वाटतं.

आता आम्ही ज्या गोष्टीवर जास्त बोलणार आहोत तिकडे येतो. मूर्ती आपण पाहतो, तिला घडवणारे हात पाहत नाही. आम्ही हाताने काम केलेली माणसं, म्हणून आमची नजर आधी तिकडे जाते.

पाटणला ही मूर्ती कशी होते ते ऐका. आधी मधमाशीचं मेण आणि झाडाची राळ एकत्र करून तिच्यातून मूर्ती घडवतात. बोटं, दागिने, कमळाच्या पाकळ्या सगळं मेणात. मोठी मूर्ती असेल तर तुकडे वेगळे करतात. मग त्या मेणावर बारीक माती आणि शेणाचा पातळ लेप देतात. तो वाळला की दुसरा, तिसरा, पुढे भाताचं तूस कालवलेल्या जाड मातीचे थर. हवा दमट असली की वाळायला दिवसेंदिवस लागतात. पुरतं वाळल्यावर मूस तापवतात, आतलं मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापवलेलं तांबं ओततात. निवल्यावर मूस फोडावी लागते. मूस फुटली की संपली, तिच्यातून दुसरी मूर्ती होत नाही. म्हणून एकासारखी एक हुबेहूब दुसरी मूर्ती निघत नाही. त्यानंतर कानस, छिन्नी आणि हातोडी घेऊन कारागीर बसतो आणि वस्त्राची नक्षी, केसांच्या बटा, बोटांची नखं उठवतो. यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. शेवटी मुलामा, आणि चेहरा रंगवून डोळे उघडणं.

ही विद्या जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याची कृती दिलेली आहे, म्हणजे आपल्या दक्षिणेतही ती होती. नेपाळच्या नेवार कारागिरांनी ती आजवर हातात जिवंत ठेवली. त्यांच्यातला अरनिको नावाचा तरुण १२६० साली ऐंशी कारागिरांचा म्होरक्या होऊन तिबेटात गेला, तिथून कुब्लाई खानाच्या दरबारात. पेकिंगमधला पांढरा स्तूप त्याने उभा केला, तो अजून उभा आहे. राजे गेले, खान गेले, कारागिराचं काम राहिलं.

पण बांधवांनो, या सोन्याच्या झळाळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या पद्धतीचा मुलामा देताना सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप तांब्यावर चोळतात आणि आच देतात. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं धरून राहतं. ती पाऱ्याची वाफ विष आहे. ती कारागिराच्या छातीत जाते, मेंदूपर्यंत जाते, हात थरथरू लागतात. आम्ही गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली माणसं. स्पिनिंग खात्यात उभा जन्म काढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांचा रात्री उशाला बसून ऐकलेला खोकला आम्ही विसरलो नाही. कपडा पांढराशुभ्र दुकानात गेला आणि धूळ छातीत राहिली. तेव्हा करुणेची मूर्ती घेताना ती करणाऱ्या माणसाच्या छातीचा विचार मनात यायला नको का? तो येत नसेल तर आपण करुणा विकत घेतली, शिकलो नाही.

लेण्यांचे शिलालेख वाचले तर दिसतं की एके काळी या हातांना मान होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलेलं आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. कार्ल्याला धेनुकाकट गावचा सामि नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, याचं नाव दर्शनी भागाच्या कामासाठी कोरलेलं आहे. कान्हेरीला कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं, लोहारानेही दान दिलं. राजा-महाराजांच्या शेजारी सुतार, सोनार, लोहार. आणि आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांतला १० क्रमांकाच्या लेण्याचा लेख. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्खू संघासाठी ३००० कार्षापण ठेव ठेवली. कुणाकडे ठेवली? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे! एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम मोडायची नाही, नुसतं व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून बघा, वर्षाला बरोबर २४० होतात.

आता हे आमच्या काळजाला का भिडतं ते सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या आधीच्या पिढ्यांना साचेखात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने कसा हाती घ्यायचा? म्हणून साचेखातं बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. विचार करा, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ज्या भूमीत विणकर हे संघाच्या ठेवीचे विश्वस्त होते, त्याच भूमीत विसाव्या शतकात धोटा विटाळत होता! धम्म गेला तेव्हा नुसत्या मूर्ती जमिनीखाली गेल्या नाहीत, कष्टाच्या हाताचा मान जमिनीखाली गेला.

आणि नेपाळलाही आपण आरशासारखं वापरलं पाहिजे. तिथे मूर्ती वाचल्या, कला वाचली, पण जात आत शिरली. मूर्ती ओतणारी शाक्य घराणी, पूजा सांगणारे वज्राचार्य, आणि त्यांच्या विहारांचं सभासदत्व जन्मावर ठरलं. ज्या तथागताने उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, त्याच्या विहारात जन्म विचारला जाऊ लागला. त्याच काठमांडूत २० नोव्हेंबर १९५६ रोजी जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. तात्पर्य असं की सोन्याच्या मूर्ती असूनही धम्म आजारी पडू शकतो. मूर्तीने धम्म राखला जात नाही, वागण्याने राखला जातो.

बाजारात आज काय चाललंय तेही पाहा. लठ्ठ पोटाचा, हसणारा 'लाफिंग बुद्धा' दुकानात गल्ल्याशेजारी ठेवतात, पैसा येतो म्हणून. तो गौतम बुद्ध नव्हेच. तो चीनमधला एक फिरस्ता भिक्षू, बुदाई नावाचा, त्याला तिकडे मैत्रेयाचा अवतार समजतात. आपली शिकलेली माणसं लग्नाच्या आहेरात तो देतात. बुद्धाचं नुसतं मुंडकं हॉटेलात शोभेला ठेवतात. कित्येक प्राचीन मूर्तींची शिरं चोरांनी आणि लुटारूंनी कापून परदेशी विकली, त्यावरून ही फॅशन आली. काठमांडू खोऱ्यातून तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत देवळांतल्या, विहारांतल्या कितीतरी मूर्ती चोरीला गेल्या. मार्च २००१ मध्ये बामियानच्या प्रचंड मूर्ती तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. एकीकडे मूर्ती फोडणारे, दुसरीकडे मूर्तीचा नवसाचा देव करणारे, तिसरीकडे तिला शोभेची वस्तू करणारे. तिघांनाही मूर्ती काय सांगते ते ऐकायचं नाही.

मग आपण काय करायचं?

तरुणांना आम्ही म्हणतो, तुमची हरकत बरोबर आहे. नवस, ओटी, नारळ हे विहारात चालणार नाही, त्यात तडजोड नाही. पहिल्या प्रतिज्ञेपासून ते स्पष्ट आहे. पण पुढच्या प्रतिज्ञाही वाचा. दहा पारमितांचं पालन करीन, ही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. प्राणिमात्रांवर दया करीन ही घेतली आहे. प्रज्ञा, शील, करुणा यांची सांगड घालून जगेन ही घेतली आहे. तारा ही त्याच करुणेचं चित्र आहे. चित्राशी भांडण कशाला? नकार देणाऱ्या प्रतिज्ञा आपल्याला तोंडपाठ आहेत, कामाला लावणाऱ्या प्रतिज्ञा मात्र आपण पटकन म्हणून टाकतो.

भगिनींना आम्ही म्हणतो, तुमची श्रद्धा खोटी नाही. पोराला काम नाही, घरात दारू आहे, मन मोकळं करायला जागा नाही, म्हणून हात जोडले जातात. तुम्हाला हसणारे आम्ही कोण? पण तारेचा तो खाली सोडलेला पाय पाहा. ती तुमचं घेऊन बसलेली नाही, ती उठायला सांगते. जिच्या घरात त्रास आहे तिच्या दारी महिला मंडळाच्या चार जणी जाऊन उभ्या राहिल्या, की तारा तिथे आली.

औरंगाबादच्या शिल्पात आठ भयं आहेत. आज आपल्या वस्तीची आठ भयं कोणती? आम्ही मोजतो. दारू. सावकाराचं आणि मोबाइलवरचं कर्ज. दवाखान्याचं बिल. गटारात उतरून गुदमरून मरण, ज्याच्या विरोधात २०१३ साली कायदा झाला, तरी माणसं मरतात. कंत्राटी कामातून एका दिवसात काढून टाकणं. घर पाडण्याची नोटीस. पोरांची मध्येच सुटणारी शाळा. आणि आठवं, जातीवरून होणारी मारहाण. सिंह आणि हत्ती गेले, भयं गेली नाहीत. आकाशातून कुणी उडत येणार नाही. यायचं तर या सभेत बसलेल्यांपैकीच कुणीतरी यायचं आहे.

म्हणून समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. मंजूर-नामंजूर तुमच्या हाती.

पहिली, तारा कपाटातून बाहेर काढावी. वंदनेच्या जागी तथागत आणि बाबासाहेब आहेत तसेच राहावेत. तारा बोधिसत्त्वाची मूर्ती वाचनालयात, मुलं अभ्यास करतात त्या टेबलासमोर, काचेच्या पेटीत ठेवावी. खाली मराठीत पाटी लावावी की ही मूर्ती कुठे, कशी, कुणाच्या हातांनी घडते आणि तिचा अर्थ काय. दान देणाऱ्यांचा मान राहील आणि हरकत घेणाऱ्यांचं म्हणणंही राहील. नारळ-ओटी ठेवायला तिथे जागाच नसेल, असेल ती वाचायला जागा.

दुसरी, यापुढे विहारासाठी कुठलीही मूर्ती घेताना ती कुठे बनते, करणाऱ्याला काय मिळतं, याची चौकशी करावी. शंभर मूर्तींचा ढीग आणण्यापेक्षा एक आणावी, पण कारागिराला पुरते दाम देऊन आणावी. घासाघीस करून करुणा घेऊ नये.

तिसरी सूचना महत्त्वाची. मोठ्या मूर्तीसाठी जी वर्गणी गोळा होते आहे, ती मोडू नये. नाशिकच्या लेण्यात त्या ठेवीला अक्षयनीवी म्हटलं आहे, म्हणजे न सरणारी ठेव. तशी ती बँकेत विहाराच्या नावे कायम ठेव म्हणून ठेवावी, मुद्दलाला हात लावू नये, आणि व्याजातून दरवर्षी वस्तीतल्या मुलांची वह्या-पुस्तकं आणि आजाऱ्याची औषधं घ्यावीत. हिशेब दर वर्धापनदिनी याच फळ्यावर खडूने लिहावा, सगळ्यांना वाचता येईल असा. उषवदाताने हिशेब दगडावर कोरला, आपल्याला फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? विणकरांनी दोन हजार वर्षांपूर्वी विश्वास सांभाळला, आपण विणकरांचेच वारस आहोत.

दोन्हीकडच्या मंडळींनी आज जाताना एकमेकांशी बोलून जावं, एवढी आमची हात जोडून विनंती आहे. 

नमो बुद्धाय! जयभीम!